भाजीपुरतं कन्नड

पहिल्या वर्षी वडगावात कुणी ‘चलो’ म्हटलं
की मी पिशवी उचलून उभी राहायची.
नीलव्वा हसून हसून मागावर ओणवी व्हायची.
चलो म्हणजे चांगलं, अगं, बस खाली.

तिलारीचा घाट चढून आले त्याला सोळा वर्षं झाली.
मुलीला कन्नड शाळेत घातलं ह्यांनी,
म्हणाले, उद्या कचेरीत हिचं अडायला नको.
आता कचेरीत माझंही अडत नाही.
रेशन, गॅस, सिव्हिलमधली चिठ्ठी,
सगळीकडे ती पुढे, मी मागे,
अंगठ्याच्या वेळी तेवढी मी पुढे.

आज हिरेमठ टीचरनी बोलावलं होतं.
त्या बराच वेळ बोलल्या, माझ्याकडेच बघून.
ही आमच्या मधे, वेणीचं टोक चावत.
मग म्हणाली,
गणितात लक्ष द्यायला हवं म्हणतात.

एवढंच?
एवढंच.

नाव प्रांजल ठेवलंय आम्ही.

आठ-आठ तास मागांच्या खडखडाटात
ओठांवरून ओळखावं लागतं बाई काय म्हणते ते.
गणित टीचरच्या ओठांवर आलंच नाही.
हुडुग आला, दोनदा. म्हणजे मुलगा.
सायकल आली.
कोटे केरी आली, आपला किल्ल्याचा तलाव.

मी हात जोडले. म्हटलं, चलो री, चलो.
टीचर बघतच राहिल्या.

परतताना ही नको तेवढं बोलत होती,
रिक्षावाल्याशी, फुलवालीशी, माझ्याशी,
दोन भाषा एकाच दमात.
मला आई दिसत होती माझी,
भेडशीच्या थांब्यावर
शिवणक्लासचे म्हणून सुट्टे पैसे मोजून देणारी.
तिला माझी भाषा शब्दन् शब्द येत होती.
ती एसटी शिवणक्लासला जाणारी नव्हती.

रात्री भाकरी उलथताना मी सहज म्हटलं,
कोटे केरीला डास फार असतात म्हणे,
सहानंतर.

तिची पेन्सिल थांबली.
बाजूच्या घरातला माग तेवढा चालू होता.
मग खूप हळू, कन्नडमध्येच,
यार हेळिद्र?
कुणी सांगितलं?

गरम होती भाकरी, पण मी हातानंच
तिच्या ताटात टाकली.
भाजीवालीनं, म्हटलं.
जेव आता.