दोन तास अकरा मिनिटं

सर्जेकोटच्या बर्फ कारखान्यात रात्रपाळीला असतो मी.
कॉम्प्रेसरची घरघर, अमोनियाचा वास
आणि मालकाचं इंटरनेट,
रात्री अकरानंतर ते माझं.

सेलमध्ये खेळ घेतला, जहाजाचा.
एकोणीसशे नव्याण्णव खोडून चारशे नव्वद.
खोडलेल्या आकड्यावरच माणूस घसरतो.
बासष्ट जीबी.
लॅपटॉप उघडा ठेवला हिशेबाच्या वहीशेजारी,
वहीत लिहीत राहिलो :
सेंट अँथनी, वीस लाद्या.
जलदेवी, बारा, उधार.
खाली पेन्सिलीने : एकतीस टक्के.

साडेतीनला वीज गेली.
डब्यांतला बर्फ निम्मा पाणीच राहिला,
खेळही.
दुसऱ्या रात्री रस्त्याच्या जेसीबीने केबल तोडली.
तिसऱ्या रात्री त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं,
का, ते सांगितलं नाही.

रुजाय पहाटे बर्फ भरायला येतो, वाकून बघतो.
"होडी लागली काय रे तुजी?"
"तोंडार आसा अजून. रेतीत रुतली."
"मेल्या, तेवढ्यात माजी दोनदा जाळी मारून झाली."

नव्व्याण्णव टक्क्यांवर : जागा अपुरी.
ताईच्या हळदीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्यायला गेलो,
पण खाऱ्या हवेने पोर्ट गंजलंय, पेनड्राइव्ह आत जाईना.
मग पुसला.
ताईला अजून सांगितलेलं नाही.

उघडला, तर म्हणे तू कोण.
पैसे भरलेत की बाबा, मी एकटाच खेळणार आहे,
एकट्याने, कुणाला त्रास न देता,
तरी म्हणे सिद्ध कर.
सहा आकडे पाठवलेत तुझ्या नंबरावर.
नंबर जुना. रिचार्ज संपलेला, कधीच सोडून दिलेला.
लावून बघितला.
फोंडाघाटच्या एका बाईंनी उचलला, सव्वाअकराला,
मागे भांडी विसळल्याचा आवाज.
मी सगळं सांगितलं, जहाजापासून.
"तू बँकवालो नाय मां?"
नाही म्हटलं. बर्फवाला.
थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.
मग चष्मा शोधून वाचलं त्यांनी,
चार, शून्य, शून्य, सात,
आणि शेवटचे दोन आकडे दोनदा,
लहान मुलाला पाढे सांगावेत तसे.

पुढे एक पट्टी.
तयारी चालू आहे, कृपया थांबा.
पट्टी भरताना पंखा इतका तापला
की मी लॅपटॉप लादीवर ठेवला, खाली गोणपाट घालून.
बाबा आले जेट्टीवरून. एके काळचे तांडेल,
आता कुणी विचारलं तर जाळी विणून देतात.
बसले माझ्या खुर्चीत, पट्टीकडे बघत,
वारा पडल्यावर बसायचे तसे,
काहीही न बोलता.

आणि मग समुद्र.
सगळ्या सेटिंगा शेवटच्या पायरीवर आणल्यावर मिळतो तो :
निळा पत्रा, त्यावर एक जहाज,
लाटा नाहीत, जहाज मात्र हलतंय.
बाबा पुढे झुकले.
बोट लावलं स्क्रीनला, पुसून घेतलं लुंगीला, पुन्हा लावलं.
"ह्या पाण्याक ओढ नाय," म्हणाले.
आणि उठले नाहीत.
मी डावीकडे वळवलं, किनारा आला,
माडांऐवजी हिरवे खांब.
"भायर ने. भायर."
बाहेर नेत होतो, तेवढ्यात काळं झालं.

पैसे परत मागितले.
उत्तर लगेच आलं, तेवढं मात्र लगेच :
आपण हा खेळ दोन तास अकरा मिनिटे खेळला आहात,
दोन तासांनंतर परतावा मिळत नाही.
मी वहीत मांडून बघितलं.
दोन तास दोन मिनिटं पट्टी.
नऊ मिनिटं समुद्र.
त्यातली चार बाबांची.

काल मालकाने वही तपासली.
"ह्ये टक्के कसले?" विचारलं.
बर्फाचे, म्हणालो.

आज अपडेट आलंय, चौदा जीबी.
मी अजून हो म्हटलेलं नाही.
बाबा जेवताना दोनदा विचारून गेले, ता पाणी लावतलंस काय परत,
आणि आत्ता, दोन वाजता, फोन वाजतोय,
फोंडाघाट.
"झोपलंस काय रे? परत आकडे इलेत.
वाचू?"