चार इंच बर्फ

मंगळवारी नऊला संचालक मंडळ बसणार.
तोवर नॉर्थमिअर हेल्थ कंपनीचं अख्खं भवितव्य
मला बावीस स्लाइडांत कोंबायचंय.
खिडकीबाहेर मिनिआपोलिस, उणे एकवीस.

पहिला चौकोन, बलस्थानं.
नव्वद लाख सभासद, सात राज्यं,
औषधांची दुकानं आपली, दवाखानेही आपलेच,
म्हणजे पैसा या खिशातून त्या खिशात
आणि कोट एकच.

दुसरा, उणिवा.
हप्त्याच्या शंभर डॉलरांतले सत्याऐंशी
यंदा उपचारांवर गेले.
आमच्या धंद्यात याला नुकसान म्हणतात.
कुणाचा गुडघा बदलला, नुकसान.
डुलुथच्या जुळ्यांना काचेच्या पेटीत
सात आठवडे ऊब दिली,
मोठं नुकसान.
पहिल्या वर्षी हा शब्द उच्चारताना मी अडखळायचे.
आता जिभेला घट्टा पडलाय.

संधी नकारात आहे, ट्रॅस्क म्हणतो.
नाही म्हटलेल्या शंभरांपैकी अपील करतात तिघं.
आणि बाकीचे?
बाकीचे गप्प बसतात.
त्या गप्प बसण्याचा आलेख काढ,
निळ्या रंगात.

माझे वडील एइनार,
तळं गोठलं की गिरमीट घेऊन निघायचे.
दर दहा पावलांवर भोक, भोकात पट्टी.
चार इंचांवर माणूस, बारांवर ट्रक,
आणि मधे कुठेतरी बर्फ खोटं बोलतो,
तेवढं ऐकायला शीक, म्हणायचे.
मग खोपटात सगळी आळी जमायची,
सोल्वेग, तिची दोन कुत्री,
पावणेतीनशे पौंडांचा पाद्री.
सगळ्यांचा भार एकाच तळ्यावर.
पाद्रीबुवा, तुम्ही जड आहात, काठावर थांबा,
असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

विमा तरी दुसरं काय?
तळं तेच.
फक्त आम्ही गिरमीट बर्फाला लावत नाही,
येणाऱ्या माणसाला लावतो.

नाताळात घरी गेले तर
फ्रिजच्या दारावर, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली
आमच्याच कंपनीचं पत्र.
छातीचा स्कॅन. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही.
तारीख ऑक्टोबरची.
अपील केलंत?
ते कॉफी ओतत राहिले.
"हिशेब करूनच लिहिलं असेल ना त्यांनी.
तूच तर असतेस तिथे."

चौथा चौकोन, धोके.
नवे कायदे, प्रतिस्पर्धी, म्हातारं होत चाललेलं राज्य.
कर्सर लुकलुकतोय.
वर, सत्त्याण्णवांच्या निळ्या पट्टीत
कुणीतरी वाकून उभं आहे,
टोपी काढून, कान बर्फाला लावून.

साडेसात वाजले. ते आता जेवले असतील.
मी फोन अजून केलेला नाही.
पट्टीची जाडी मात्र दोनदा मोजली.