चौथी किल्ली

आधी वाजवून बघायचं, अब्बा म्हणतात.
पत्रा खणखण बोलला तर जाड,
भदभद बोलला तर मधे नुसती हवा,
आणि हवेचा भाव द्यायचा नसतो.
चाळीस वर्षं ते जालन्यात असंच लोखंड ऐकत आलेत.
मी मात्र डबा उलटा करते, मागचं लेबल वाचते.
रॅम तीन नंबरची का चार नंबरची?
तीनची असली तर वय झालं,
चारची असली तर अजून स्थळं येतात.

आज शेडमध्ये चार सर्व्हर आलेत,
छोट्या हत्तीतून, जुन्या गाद्यांवर निजवून,
एका पतसंस्थेचे,
जी आता दुसऱ्या पतसंस्थेच्या पोटात आहे.
सोबत आष्टूरकर साहेब.
हातात फाईल, फाईलीत ठराव, ठरावात एक अट:
डिस्का आमच्या डोळ्यांदेखत फोडायच्या.

म्हणजे भाव इथंच अर्धा झाला.
चोवीस डिस्का, एकेकीला पुण्यात गिऱ्हाईक.
ड्रिल मारलं की उरतं अॅल्युमिनियम,
आणि दोन लोहचुंबकं, पोरं फ्रिजला लावतात ती.
साहेबांना हे सांगितलं.
ते म्हणाले, "त्यात लोकांची खाती आहेत."
अब्बा म्हणाले, "खाते का वजन नै होता साहेब."

पहिल्याच्या तोंडावरच्या जाळीवर कुंकू वाळलेलं,
हळदीचं बोट, तांदळाचा एक दाणा अजून चिकटून,
सात-आठ दसरे तरी असतील, एकावर एक.
मॉडेल नंबर नेमका त्याच्याच खाली.
रॉकेलचा बोळा फिरवला.
नंबर चांगला निघाला, भाव नऊशेनं चढला.
बोळा कचऱ्यात नाही टाकला,
खिडकीत ठेवला. का ते विचारू नका.

मग वीज जोडली.
पहिल्याचे पंखे असे ओरडले
की शेडमागची कुत्री उठून बसली. चालू.
दुसरा चालू, पण एक पॉवर सप्लाय मेलेला,
सहाशे वजा.
तिसऱ्याचा नारिंगी दिवा, बीप, बीप,
रॅमच्या चार पट्ट्या कुणीतरी आधीच काढलेल्या.
मी साहेबांकडे बघितलं,
साहेबांनी फाईलीकडे.
चौथा काहीच बोलला नाही.
"हा रात्रीपण चालायचा," ते म्हणाले,
"लाईट गेली की मी येऊन बसायचो,
जनरेटरला डिझेल..."
आणि वाक्य तिथंच राहिलं.

चौथा काट्यावर. सव्वीस किलो दोनशे.
पत्रा वेगळा, तांबं वेगळं, बोर्ड वेगळा.
बोर्डाच्या कडेला सोनं आहे, खोटं नाही,
पण एका मुरणीपुरतं काढायचं
तर तेजाबाला आधी फुप्फुसं द्यावी लागतात.
मुजाहिद मामूंनी दिली.
म्हणून आम्ही बोर्ड तसाच विकतो, किलोवर.

डिस्का फोडताना साहेब शेजारी उभे.
एका भोकाला एक टिकमार्क.
सतराव्या डिस्केला बिट तुटलं.
नवीन बिट एकशे वीस रुपये,
तेही त्यांच्याच रकमेतून कापलं, त्यांनी सही केली.
चहा आला, तो प्यायले नाहीत, साय धरली.

निघताना फाटकापासून माघारी वळले.
"त्या चौथ्याच्या जाळीची किल्ली... देता का?"
एवढीशी किल्ली, पितळी पण नाही.
काट्यावर ठेवली असती तरी आकडा हलला नसता.
ठेवलीच नाही.
त्यांनी ती स्कूटीच्या चावीत अडकवली
आणि मोंढ्याकडं गेले.

वहीत लिहिलं: सर्व्हर चार, किल्ल्या तीन.
तिसऱ्याची जाळी फुटलेली आहे,
त्याला चौथ्याची लावायचं मी सकाळीच ठरवलं होतं.
आता गिऱ्हाईक म्हणेल, किल्ली कुठंय,
पन्नास रुपये कमी करा.

करीन.