विस्तीन स्कूटर बघतो

तीन स्कूटर मांडल्यात मार्थेसनं टेबलावर,
खाली निळं प्लास्टिक, शेजारी तिच्या पोराची गणिताची वही.
श्लेंदीच्या या दुकानात दुपारी कुणी फिरकत नाही,
फक्त मागच्या खोलीत कॉम्प्रेसर धापा टाकत असतो.

विस्तीननं फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी एकतीस वर्षं काढली.
वस्तू तो आधी ऐकतो, मग बघतो.
पहिली, पांढरी, साडेतीन किलोंची,
बटण दाबल्याबरोबर चिरकली.
‘ही तर डासाची बहीण,’ म्हणाला.
मार्थेस म्हणाली, हवेत सगळ्याच चिरकतात,
कोरडी चालवू नका, सील जळेल.
तो ओशाळला.
एकसष्टीचा माणूस ओशाळला की
उगाच गुडघ्याला हात लावतो.

गुडघा. त्याच्यासाठीच तर हे सगळं.
मागच्या ऑक्टोबरात बोगद्याच्या तोंडाशी
समोरून प्रवाह आला, मी वळून पाहिलं, तर
हा तिथल्या तिथे पाय मारतोय,
पोटाखाली तेच समुद्री गवत,
बिळातून तोच एक ऑक्टोपस
त्याच्याकडे बघतोय, शेजाऱ्यानं बघावं तसा.
वर आल्यावर आम्ही त्यावर काही बोललो नाही.
पावाला टोमॅटो चोळून खाल्ला.

दुसरी नारिंगी. पासष्ट मिनिटं, चाळीस मीटर,
बॅटरी मोठी, विमानात नेता येणार नाही.
‘विमानात? मला व्हॅलेटापर्यंत जायचा कंटाळा येतो.’

तिसरी करडी, एका जर्मन म्हाताऱ्यानं विकायला ठेवलेली,
एकोणीस किलो, नाकावर ओरखडे,
आवाज मात्र खर्जातला. विस्तीन तिच्यापाशी रेंगाळला.
पाण्यात हिचं वजन शून्य, मार्थेस म्हणाली.
पण पाण्यापर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत,
मी मोजल्यात,
आणि पाण्यात काय, सगळ्यांचंच वजन शून्य.

मी कोपऱ्यात फिन्सचे भाव वाचत होते.
माझा विषय मी काढलाच नव्हता.
मार्थेसनंच विचारलं, आकडेमोड करता करता:
‘तुमच्याबरोबर कोण असतं?’
त्यानं हनुवटीनं मला दाखवलं.
‘मग तिला कोणती?’

कॉम्प्रेसर नेमका तेव्हाच थांबला.

बॅटरीचे तीन वाटे धरायचे, ती म्हणाली,
एक जायला, एक यायला,
तिसरा सोबत्याचा. त्याच्या पायात गोळा आला,
त्याला ओढून आणायची वेळ आली, तर.
पासष्ट म्हणजे पासष्ट नाहीत.
विस्तीननं पोराच्या वहीतच भागाकार मांडला,
एकदा चुकला, खोडलं, पुन्हा मांडला.

बावीस वर्षं मी त्याच्या डाव्या खांद्याशी पोहतेय.
गेलं वर्षभर मुद्दाम हळू पोहतेय.
त्याला हे माहीत नाही.
किंवा आहे, आणि म्हणून ही स्कूटर.

नारिंगी घेऊन खाडीत उतरलो, बघायला म्हणून.
त्यानं खटका दाबला आणि गेला,
बुडबुड्यांची एक रेघ, मग तीही नाही.
पाण्याखाली कुणाला हाक मारता येत नाही,
हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा जाणवलं.
मग घरघर, उजवीकडून की डावीकडून कळेना,
आणि तो वळसा घालून आला,
पाठीवरच्या टाकीचा पट्टा मला धरायला लावला.
गवत खालून वाहू लागलं.
मला ते आवडलं नाही.
थोड्या वेळानं आवडलं.
ऑक्टोपस बिळात नव्हता. त्यालाही आवाज आवडला नसावा.

संध्याकाळी अंघोळीच्या टबात गोड्या पाण्यानं धुतली.
विस्तीननं झाकण उघडून रबरी कडं काढलं,
चष्मा कपाळावर, श्वास रोखून.
कड्याला एक केस चिकटला होता.
‘एवढ्यानं पाणी शिरतं आत,’ तो म्हणाला.
पांढरा होता.
त्याचा की माझा,
दिव्याखाली धरूनही ठरेना.

पुसलं, ग्रीस लावलं,
आणि त्यानं मार्थेसला फोन केला,
दोन घेतल्या तर किती कमी करशील.