साडेआठचा भाग

मालिकेत आज नायकाचा रिपोर्ट आला.
वीज कडाडली, तीनदा तोच चेहरा,
आणि आई म्हणाली, "बिच्चारी गं ती!"
ती.
त्याच्याबद्दल कुणी काहीच म्हणालं नाही.

मटार सोलणारी हेमांगीची बोटं थांबली,
मग पुन्हा चालू, जरा जास्तच भरभर.

नळस्टॉपच्या लॅबमध्ये वीजबीज नव्हती.
डबीवर पेनानं लिहिलेलं माझं नाव,
कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही,
त्यात कुणीतरी पिठलं शिकवत होतं.
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
"सुट्टे आहेत का?"

उद्या कळेल, फाईल मावशीनं बदलली होती.
तो निर्दोष सुटेल, पेढे वाटेल.
माझी फाईल स्कूटरच्या डिकीत,
पंक्चरच्या पावतीखाली.
तिला कुणी हात लावलेला नाही.

जाहिरातीत एक बाळ खुदकन हसलं.
आई उठली,
शतावरी घातलेलं दूध घेऊन आली,
दोन वर्षं आणते तसं,
हेमांगीसमोर ठेवलं.
दोन वर्षं हेमांगी मुकाट्यानं पिते तसं
तिनं हात पुढे केला.

पेला मी उचलला.
"अरे, ते तिचं आहे," आई म्हणाली.

कोमट होतं. साय ओठाला चिकटली.
आईनं टीव्हीचा आवाज
हळूहळू कमी केला.