कोणाला फोन कराल?

फेब्रुवारीत क्लीव्हलंडचं सरोवर पांढरं पडतं.
आमचा तक्ताही.
अडतीस माणसं झाली औषध घेऊन,
काळ्यांच्या रकान्यात एक.
तोही पहिल्या सत्रानंतर फिरकला नाही,
फोनची घंटा नुसती वाजत राहिली.

मग प्रायोजकांचं पत्र आलं: विविधता वाढवा.
जणू मीठच ते, चव घेऊन वरून घालायचं.
मी पत्रक नव्याने छापलं,
सोफ्यावरच्या सोनेरी केसांच्या जागी
दुसरी एक बाई हसवली,
आणि सेंट क्लेअर अव्हेन्यूच्या लाँड्रीत
कपडे वाळवायच्या यंत्रांवर चिकटवून आले.

अर्नेस्टीन पोलार्ड ते पत्रक
चार घड्या घालून पर्समधून घेऊन आल्या.
वय एकसष्ट. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
मुलगा जाऊन चार वर्षं झाली.
तेव्हापासून, म्हणाल्या,
सकाळ रोज येते,
पण मला घ्यायला थांबत नाही.

मी खोली दाखवली.
मंद दिवा, लोकरीची शाल, कुंडीतले फर्न,
भिंतीवर कुठल्याशा डोंगरातल्या बाईनं विणलेलं कापड.
तिचं नाव आमच्यात कोणाला ठाऊक नाही.
तिच्या आजीच्या अळंबीतलं सत्त्व मात्र आहे,
पंचवीस मिलिग्रॅम, कॅप्सूलवर नंबर घालून.

अर्नेस्टीननी डोळ्यांवर बांधायची पट्टी उचलली,
आतल्या मऊ कापडावरून अंगठा फिरवला,
होती तिथे ठेवली.
संगीत ऐकवलं: दगडी चर्च, पोरांचे उंच आवाज, व्हायोलिनं.
"छान आहे," म्हणाल्या,
"कोणाच्या तरी अंत्यविधीला. आमच्यातल्या नव्हे."

संमतीपत्र बावीस पानांचं.
मळमळ, डोकेदुखी, वाढता रक्तदाब,
भीती, रडू, काळाचं भान सुटणं.
त्यांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं,
गाडी काढण्याआधी आरसे तपासावेत तसं.
शेवटच्या पानावर पेन आडवं ठेवून विचारलं:
"मी ओरडले, उठून दाराकडे धावले,
तर तुम्ही कोणाला फोन कराल?"

डॉक्टर म्हणाले, इथे तुम्ही सुरक्षित आहात.
"ते नाही विचारलं मी."

खिडकीखाली हीटर खडखडला.

"त्या रात्री फोन मीच केला होता.
मुलगा स्वतःशी बोलत होता, भिंतीवर डोकं आपटत होता.
मदत पाठवा म्हटलं.
पाठवली त्यांनी."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो,
असं म्हणून मोकळं होता आलं असतं मला.
पण दूध अजून चुलीवरच होतं,
आणि चूल आमची.

आपत्कालीन कार्यपद्धती, कलम सात:
इमारतीच्या सुरक्षारक्षकास कळवावे,
तो पुढे शहर पोलिसांस कळवेल.
सात वर्षं मी इथे नोकरी करते.
कलम सात त्या दुपारी पहिल्यांदा वाचलं.
त्याआधी वाचायची वेळच आली नव्हती माझ्यावर.

अर्नेस्टीननी कोट चढवला.
"उत्तर लिहून ठेवा. मंगळवारी येते,
रस्ता साफ असला तर."

संध्याकाळी तक्ता कारण मागू लागला.
नकार. अपात्र. संपर्क तुटला.
तीनच पर्याय, चौथा टाइप करू देत नाही:
आमच्या उत्तरासाठी थांबल्या आहेत.

रकाना तसाच सोडला.
तेविसावं पान उघडलं.
वर लिहिलं: कोणाला.
खाली अजून एकही नाव नाही.
आज शनिवार.