घरघर

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली,
खल्फान बिन मुसल्लमची बावन्न सालची शेव्हरले उभी आहे.
गाडीला काही झालेलं नाही. गाडी चालते.
रेडिओ मुका आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.
तो बोटांवर मोजू लागला,
मग बोटं सोडून दिली.

डॅशबोर्डखाली उताणं झोपायचं,
टॉर्च दातांत, पाठीला कार्पेटमधली वाळू.
चार नट, एक केबल, आणि एकदम
सगळी पेटी छातीवर येते.
मस्कतच्या जूनमध्ये लोखंडसुद्धा घामट लागतं.

आधी फ्यूज. चिपळूणच्या दुकानात खोपकरांनी
कान पिळून शिकवलेली पहिली गोष्ट.
फ्यूज उडालेला, आणि त्याच्याभोवती
सिगारेटच्या पाकिटातली चांदी,
घट्ट, नीट, कडा दुमडून गुंडाळलेली.
कुणीतरी वाटेत, रात्री, अडलेला असणार.
फेकणार होतो. खिशात टाकली.

पाच व्हॉल्व्ह काढून रुहुलच्या बनियनवर ओळीने ठेवले.
सगळे चांगले निघाले. हे वाईट.
व्हॉल्व्ह गेला की बदलता येतो,
सगळे शाबूत असले की शोधावं लागतं.
दोन दिवस मी आउटपुटच्या मागे लागलो,
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
दोष निघाला बफर कंडेन्सरमध्ये,
मेण गळून वायरवर थिजलेलं,
आणि त्याने सोबत व्हायब्रेटरही नेला:
ॲल्युमिनियमच्या डबीतली ती पोलादी जीभ
काजळी धरून चिकटून बसलेली.

कंडेन्सर सोळाशे व्होल्टचा टाकला.
व्हायब्रेटर अमेरिकेहून मागवला, नवा,
आत जीभच नसलेला,
दोन ट्रान्झिस्टर, घासणं नाही, झिजणं नाही.
मोटारसायकलची सहा व्होल्टची बॅटरी लावली.
डायल उजळला, पिवळा, पिकल्या केळ्यासारखा.
अर्ध्या मिनिटाने समुद्रापलीकडून कुणीतरी
फारसीत गव्हाचे भाव सांगू लागलं.
रुहुलने टाळी वाजवली.

गुरुवारी रात्री खल्फान आला.
बसला, काच वर केली, बटण फिरवलं.
गाणं लागलं, स्वच्छ.
तो थांबला. अजून थांबला.
"हा माझा रेडिओ नाही," म्हणाला.

मी सगळं समजावलं, माझ्या मोडक्या अरबीत,
त्याच्या मोडक्या हिंदीत.
तो मान हलवत राहिला. मग ओठ मिटून
घशातून एक आवाज काढला,
खालचा, सलग, किंचित थरथरता.
"गाण्याच्या आधी. हे असायचं.
बाप निझवाहून गाडी चालवायचा, बोलायचा नाही.
एवढंच असायचं गाडीत."

आमच्याकडे घरघर लागली
की माणसं गंगाजळाची बाटली शोधतात.
हे त्याला सांगितलं नाही.

कचऱ्याच्या डब्यातून जुनी डबी काढली.
कटरने कड कापली, जीभ उचलली,
आठशेच्या कागदाची पट्टी दोन टोकांमध्ये सरकवली,
एक ओढ, दुसरी ओढ,
फुंकर नाही मारायची, थुंकी उडते.
दोन वाजले. रुहुल टायरवर झोपला होता.

"सहा महिने चालेल," मी म्हणालो, "किंवा शुक्रवारपर्यंत."
"लाव."

पाय गाडीबाहेर ठेवून मी शेजारच्या सीटवर बसलो.
आधी काहीच नाही.
मग तारा तापल्या, आणि खालून कुठून तरी
ती आली, गुडघ्यांना आधी कळली, कानांना नंतर.
स्टेशन त्याने लावलंच नाही.

खिशातली चांदी मी त्याच्या हातावर ठेवली.
त्याने ती नखाने उलगडली नाही,
नाकाशी नेली,
आणि डोक्यावरच्या कुम्म्याच्या घडीत खोचली.

बिलाच्या पुस्तकात 'बिघाड' असा एक रकाना आहे.
त्याच्यासमोर पेन धरून मी बसलो होतो.
रुहुल उठला आणि त्याने लाइट घालवले.